गिटार एक, स्पीकर दोन

तक्रार अशी होती: गिटार एकटी ऐकली की भरदार वाटते, पण गाण्यात घातली की नाकात बोलायला लागते आणि गायिकेचे शब्द खाते. तक्रार करणारा स्वतः गिटारवादकच. घणसोलीत राहणारा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. चौघांचा बँड, गाणं स्वतःचं, मराठी, मध्यम लयीचं. कडव्यांत शांत, ध्रुवपदात डाव्या-उजव्या बाजूला गिटारींचा दणका. ड्रम वाशीतल्या भाड्याच्या जॅमरूममध्ये रेकॉर्ड झाले, गाणारीचा आवाज आणि बास माझ्याकडे ठाण्यात झाले. गिटार मात्र त्याने घरी, लॅपटॉपवर व्हर्च्युअल अ‍ॅम्प (खऱ्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावून वाजवली होती. मिक्सिंगसाठी फाइल्स आल्या, त्यासोबत निरोप होता: "दादा, अ‍ॅम्प बदलून बदलून दमलो. आता तूच एखादा चांगला लाव."

अ‍ॅम्प मी लावला नाही. त्याने निवडलेल्यांपैकीच एक शेवटी वापरला. बिघाड अ‍ॅम्पच्या आधी होता आणि अ‍ॅम्पच्या नंतर होता. मधल्या डब्यावर मात्र त्याचे दोन महिने गेले होते. हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहितोय कारण घरी बसून गिटार रेकॉर्ड करणाऱ्या बहुतेकांची गाडी याच दोन ठिकाणी अडकते, आणि दोन्ही ठिकाणी दुरुस्तीला एक पैसा लागत नाही.

घरी खरा अ‍ॅम्प का नाही, हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून एवढंच. २२ वॉटचा, एका १२ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प म्हणजे गिटारच्या जगात मध्यम आकाराचा. फेंडर डीलक्स रिव्हर्ब त्याच मापाचा. १ वॉटला १ मीटरवर १०० डेसिबल देणारा स्पीकर असेल तर २२ वॉटला ११३ डेसिबल होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ती मोजायची जागा वेगळी असली, तरी सोसायटीच्या सेक्रेटरीला तेवढा फरक समजावून सांगायची हिंमत माझ्यात नाही. बरं, आवाज बारीक करून वाजवावं तर व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पची मजाच जाते, कारण शेवटच्या टप्प्यातले व्हॉल्व्ह आणि स्पीकरचा कोन दोघांनाही काम पडत नाही. त्यात या मुलाच्या वडिलांची सकाळची शिफ्ट. तेव्हा हेडफोन आणि लॅपटॉप, दुसरा मार्ग नव्हता.

कच्चा ट्रॅक

व्हर्च्युअल अ‍ॅम्पची सगळ्यात मोठी सोय म्हणजे रेकॉर्ड होतो तो गिटारचा कोरा आवाज. प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्राम, त्यावर ऐकताना चढतं. त्यामुळे वादकाला पुन्हा बसवल्याशिवाय अ‍ॅम्प, स्पीकर, माइक सगळं नंतर बदलता येतं. मी आधी सगळी प्लगइन्स बंद केली आणि नुसता कच्चा ट्रॅक ऐकला. कच्ची गिटार ऐकायला कोरडी आणि किरकोळ वाटते, वाटायलाच हवी. पण इथे जोरात मारलेल्या प्रत्येक कॉर्डला कर्रर्र असा डिजिटल चरा होता. लाटेचं चित्र मोठं करून पाहिलं तर शेंडे सपाट कापलेले.

कारण साधं होतं. आवाज रेकॉर्ड करताना जशी सवय असते, तसा त्याने इंटरफेसचा, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा, गेन (येणारा सिग्नल वाढवणारं बटण) लाल दिव्याच्या जरा खाली येईपर्यंत वाढवला होता. गायनाला ते चालतं. गिटार अ‍ॅम्पच्या बाबतीत ते चुकीचं आहे, कारण खऱ्या अ‍ॅम्पसमोर असं बटण नसतंच. पिकअपमधून (तारांखालचं चुंबकी वेटोळं) जेवढे व्होल्ट येतात तेवढे थेट पहिल्या व्हॉल्व्हवर जातात, आणि तो व्हॉल्व्ह किती वाकायचं ते त्यावर ठरवतो. प्लगइन बनवणाऱ्याने त्या खऱ्या सर्किटची नक्कल करताना अमुक डिजिटल पातळी म्हणजे अमुक व्होल्ट असं धरलेलं असतं. तुम्ही इंटरफेसवर १५ डेसिबल वाढवून पाठवलं तर प्लगइनला वाटतं, गिटारला कुणीतरी राक्षसी पिकअप बसवलाय. मग 'क्लीन' लिहिलेला अ‍ॅम्पसुद्धा फाटायला लागतो, आणि गेनचं बटण दोनच्या वर नेता येत नाही. "सगळे अ‍ॅम्प सारखेच वाटतात," असं तो म्हणायचा, त्याचं मूळ इथे होतं.

हिशेब असा. इंटरफेसच्या माहितीपत्रकात इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी दिलेली असते, समजा +८ डीबीयू (व्होल्ट मोजायचं डेसिबलमधलं माप). याचा अर्थ, गेन शून्यावर असताना +८ डीबीयूचा सिग्नल आला की मीटर डिजिटल शून्याला टेकतो. प्लगइनची अपेक्षा +१२ डीबीयूची असेल, म्हणजे साधारण ३.१ व्होल्ट, तर प्लगइनच्या इनपुटला ४ डेसिबल कमी करायचे. झालं. बटण तळाला ठेवायचं, फरक प्लगइनमध्ये भरून काढायचा. मीटर अर्ध्याच्या खाली नाचतोय म्हणून घाबरायचं कारण नाही, २४ बिटमध्ये तेवढ्याने काही बिघडत नाही.

'इन्स्ट'चं बटण त्याने दाबलेलं होतं, ते बरं. गिटारच्या पिकअपला साधारण १ मेगाओम अडथळ्याचं इनपुट लागतं. तीच वायर लाइन इनपुटला लावली की वरचे स्वर मरतात आणि ते नंतर कुठल्याच प्लगइनने जिवंत होत नाहीत.

सपाट झालेले शेंडेही परत येत नाहीत. ध्रुवपदाच्या गिटारी त्याला पुन्हा वाजवाव्या लागल्या, आणि तेव्हा आणखी दोन गोष्टी निस्तरल्या. बफर, म्हणजे संगणक एका वेळी उचलतो तेवढा आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलवर होतं. ४८ किलोहर्ट्झला ते २१ मिलिसेकंद होतात, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. त्याच्या वादनातला तो किंचित ओढलेपणा हाताचा नव्हताच. १२८ वर आणल्यावर प्रत्येक फेरी पावणेतीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी झाली. तीन मीटरवर ठेवलेल्या खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज कानापर्यंत यायलाही जवळजवळ नऊ मिलिसेकंद लागतातच, त्यामुळे तेवढं कुणालाही पेलतं. दुसरी गोष्ट, ५० हर्ट्झची घूं. त्याची गिटार स्ट्रॅटच्या घाटाची, पुलाजवळ हमबकर (घूं मारणारा, दोन वेटोळ्यांचा पिकअप) आणि बाकी सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे). सिंगल कॉइल लावली की घरातलं सगळं वायरिंग ऐकू यायचं. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवलं आणि खुर्ची मॉनिटरपासून फिरवून बसला, की बरीचशी घूं गेली. राहिली तेवढी नॉइज गेटने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या प्लगइनने, घेतली.

अ‍ॅम्प, थोडक्यात

इथे मी मुद्दाम कमी थांबतो, कारण तो दोन महिने इथेच थांबला होता.

व्हर्च्युअल अ‍ॅम्प नवा प्रकार नाही. लाइन ६चा पॉड १९९८मध्ये आला. त्यानंतर संगणकावरची प्लगइन्स, मग खऱ्या अ‍ॅम्पचं प्रोफाइल काढणारी केम्परसारखी यंत्रं, आणि आता न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखं फुकट, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर, जे खऱ्या अ‍ॅम्पचं वागणं रेकॉर्डिंगवरून शिकतं. आज दर्जाच्या बाबतीत रडायला जागा फारशी उरलेली नाही. पण बटणांचा अर्थ कळायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट घेऊन जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानाने १९६२मध्ये जेटीएम४५ बांधला. म्हणजे ब्रिटिश आवाज म्हणून जो ओळखला जातो त्याचं बीज अमेरिकन. पुढे दोन्ही घराणी वेगळी झाली आणि टोनच्या बटणांचं वागणंही वेगळं झालं. साठच्या दशकातल्या फेंडरवर बास, मिड, ट्रेबल तिन्ही पाचावर ठेवले तर आवाज सपाट येत नाही. ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास चांगला खड्डा पडतो. त्यावर सपाटाच्या जवळ जायचं तर बास आणि ट्रेबल शून्याला, मिड दहाला. हे ऐकून त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "पण दादा, बटणं मध्यावर म्हणजे न्यूट्रल ना?" नाही रे बाबा. बटणावरचा आकडा फक्त बटणाचा असतो.

त्याने जमवलेल्या प्रिसेट्समधून (तयार सेटिंगांमधून) जुन्या मार्शलच्या धाटणीचा एक अ‍ॅम्प ठेवला. गेन आठावरून साडेचारावर आणला. डाव्या-उजव्या बाजूला एकच गोष्ट दोनदा वाजवलेली असते तेव्हा दोन गिटारींचा कर्कशपणा एकमेकांत मिसळून आपोआप जाड होतो, प्रत्येकीला वेगळा एवढा गेन लागत नाही. जास्त गेनला कॉर्डमधले स्वर एकमेकांत कालवले जातात आणि बोटांचा घाव नाहीसा होतो. घाव हवा असेल तर अ‍ॅम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं पेडल लावायचं, ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर. ते पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फाटण्याआधीच सावरून धरतं, त्यामुळे तळहाताने दाबलेल्या तारांचा आवाज घट्ट येतो. इब्नेझने १९७९च्या सुमारास काढलेलं हे हिरवं पेडल आजही प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं, ते उगाच नाही.

खरा घोटाळा

नवीन ट्रॅक आले, पातळी बरोबर, अ‍ॅम्प बरोबर. आणि तरी नाकातला आवाज तसाच! इथे मला रस यायला लागला.

गिटारचा स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा प्रामाणिक नसतो. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक घ्या, कंपनी त्याची कक्षा ७५ ते ५००० हर्ट्झ देते. व्हिंटेज ३०ची ७० ते ५०००. पाच हजारांच्या वर आवाज कड्यावरून पडल्यासारखा खाली जातो. हीच त्याची गंमत आहे, कारण फाटलेल्या सिग्नलमधली सगळी किरकिर त्याच वरच्या भागात असते. स्पीकरशिवाय फाटलेला अ‍ॅम्प ऐकला तर कान धरून पळाल. म्हणजे गिटारच्या टोनमध्ये स्पीकर हाच सगळ्यात कडक इक्वलायझर आहे, आणि अ‍ॅम्पवरची बटणं त्याच्यापुढे कारकून.

मी अ‍ॅम्पचा ब्लॉक बंद करून त्याच्या साखळीतून नुसता पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला खरखराट) सोडला आणि स्पेक्ट्रम पाहिला. पाच हजारांनंतरचा उतार एका स्पीकरचा असायला हवा त्याच्या दुप्पट खडा होता. तीन हजारांच्या आसपास मात्र उंच टेकाड. साखळी उघडून एकेक खण पाहिला. अ‍ॅम्पच्या प्लगइनमध्ये त्याचा स्वतःचा कॅब (स्पीकरच्या पेटीची नक्कल) चालू होता, व्हिंटेज ३०च्या जातीचा, चार स्पीकरवाला. आणि त्यानंतरच्या खणात वेगळा आयआर लोडर, त्यात विकत घेतलेला आयआर, म्हणजे स्पीकर आणि माइकचा टिपून ठेवलेला ठसा. तोही व्हिंटेज ३०च!

म्हणजे आवाज एका स्पीकरमधून बाहेर पडून माइकमध्ये गेला, आणि त्या माइकचा आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये घालून पुन्हा माइक लावला. डेसिबलमध्ये फिल्टरांची बेरीज होते. एका स्पीकर-माइकच्या जोडीने तीन हजारांवर समजा ५ डेसिबल चढवले तर दोन जोड्यांनी १०. वरचा भाग दोनदा कापला गेल्यामुळे आवाज बोळ्यातून आल्यासारखा कोंडलेला. मग साहजिकच त्याने प्रेझेन्स (वरच्या स्वरांचं आणखी एक बटण) नऊवर नेला, ट्रेबल आठवर, आणि शेवटी इक्वलायझर लावून सहा हजारांच्या वर आणखी ६ डेसिबल. वर उचलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, फक्त हिस्स उचलली गेली, आणि प्रेझेन्सबरोबर ते तीन हजारांचं टेकाड आणखी वर चढलं. आता गाणारीच्या शब्दांची स्पष्टता, व्यंजनांची धार, बरीचशी २ ते ४ किलोहर्ट्झमध्येच असते. दोन गिटारी दोन्ही बाजूंनी तिथेच बसल्यावर ती बिचारी कुठे जाणार?

असं झालं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. मुलगा बेफिकीर नव्हता. आयआर विकत घेतला त्या दिवशी त्याने प्लगइनमधला कॅब बंद केला होता. पण त्या प्लगइनमध्ये प्रिसेट बदलला की कॅबचा ब्लॉक नव्या प्रिसेटप्रमाणे पुन्हा चालू होतो. आयआर लोडर वेगळ्या खणात, तो आपला जागच्या जागी. म्हणून त्या दिवसापासून त्याने जो अ‍ॅम्प लावला त्याच्यामागे दोन स्पीकर उभे राहिले, आणि प्रत्येक अ‍ॅम्प नाकात बोलला. निष्कर्ष त्याने काढला तो असा की आपल्याला चांगला अ‍ॅम्प सापडत नाहीये. त्याच्या जागी मी असतो तरी वेगळं काय वाटलं असतं कोण जाणे. तपासायची सोपी युक्ती: अ‍ॅम्प बंद करून गिटार वाजवायची आणि कॅबचे सगळे ब्लॉक एकेक करून बंद-चालू करायचे. शेवटचा बंद केल्यावर आवाज एकदम उघडा आणि चकचकीत झाला पाहिजे. त्याआधीचा कुठलाही बंद केल्यावर उघडत असेल तर साखळीत जोडी आहे.

आयआर म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो, कारण त्याबद्दल देवभोळेपणा फार आहे. इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे स्पीकर, माइक आणि खोलीचा थोडासा भाग यांनी एका टिचकीला दिलेलं उत्तर. ते उत्तर तुमच्या गिटारच्या प्रत्येक सॅम्पलवर चढवलं जातं. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पलचा आयआर म्हणजे ४३ मिलिसेकंद, गिटारच्या स्पीकरला पुरेसे. पण ते उत्तर एका क्षणी, एका पातळीवर गोठलेलं असतं. जोरात वाजवल्यावर खरा स्पीकर दाबतो, कोन स्वतः थोडा फाटतो, ते आयआरमध्ये येत नाही. माइक हलवायचा तर दुसरा आयआर लागतो. काही प्लगइन्स शेकडो आयआर मागे ठेवून पुढे हलवता येणारा माइक दाखवतात, ते सोयीचं. आणखी एक छोटा खड्डा: आयआर ४४.१ किलोहर्ट्झचा आणि प्रकल्प ४८चा असेल, आणि लोडर रूपांतर करत नसेल, तर सगळी टेकाडं जवळजवळ नऊ टक्के वर सरकतात. बहुतेक लोडर रूपांतर करतात, पण एकदा बघून घ्यावं.

विकतचा आयआर काढला, प्लगइनमधला कॅब ठेवला. त्याला वाईट वाटलं, पैसे त्याचेच होते. मग त्याच्या समाधानासाठी नाही, पण उपयोग होता म्हणून डाव्या गिटारला ग्रीनबॅकच्या जातीचा कॅब आणि उजव्या गिटारला त्याच्या आयआरमधला व्हिंटेज ३० असं केलं, अर्थात तिथे प्लगइनचा कॅब बंद करून. दोन बाजूंची टेकाडं वेगवेगळ्या ठिकाणी गेली की मधली जागा गाणारीला मोकळी मिळते. प्रेझेन्स चारावर, शेवटचा इक्वलायझर रद्द.

माइक दोन बोटं सरकवला

यानंतर तो एका शनिवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आला आणि आम्ही माइकला बसलो. स्क्रीनवर स्पीकरचा कोन, त्यापुढे माइकचं चित्र. माइक शूरचा एसएम५७. १९६५ सालचं डिझाइन, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या पोडियमवर दिसतो तोच. गिटारसमोर तो का लावतात? खालचं फार घेत नाही, आणि साधारण ५ ते ६ किलोहर्ट्झला त्याचा स्वतःचा उठाव आहे, नेमका जिथे स्पीकर संपतो तिथे. दोघे मिळून एक धार तयार होते.

मी त्याला स्क्रीनकडे पाठ करून बसवलं आणि माइक कोनाच्या मध्यापासून, म्हणजे मधल्या टोपीसमोरून, हळूहळू कडेकडे नेला.

"ट्रेबल कमी केलीस?"

"नाही."

"मग गेन?"

"बटणाला हातच लावला नाही. माइक दोन बोटं सरकला."

मध्यावर आवाज सुरीसारखा. टोपी आणि कोन जिथे मिळतात तिथे धार राहते पण बोचत नाही. आणखी बाहेर गेलं की गोल, मग मळकट. अ‍ॅम्पवरची ट्रेबल संपूर्ण फिरवून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक या काही सेंटिमीटरांत पडतो. शिवाय हा फरक अ‍ॅम्प फाटून झाल्यावरचा आहे, त्यामुळे हातांना जाणवणारा फाटण्याचा पोत तसाच राहतो. मिक्समध्ये तीन हजारांवर खोबणी कोरण्याऐवजी मी आधी माइक सरकवून बघतो, ते याचसाठी. अंतराचंही तसंच. एसएम५७ कापडाला चिकटवून ठेवला की जवळीकीमुळे खालचे स्वर फुगतात. दाबलेल्या तारांचा धप्प आवाज ऐकून पोरं खूश होतात आणि बासवाला नाराज. दोन-तीन सेंटिमीटर मागे घेतला की फुगवटा उतरतो.

मग अर्थात त्याला दुसरा माइक हवा झाला. रॉयरचा आर-१२१, रिबन (पातळ धातूच्या पट्टीचा माइक), १९९८ साली आलेला, वरून मऊ, मधून जाड. ५७ आणि १२१ ही जोडी स्टुडिओत फार लोकप्रिय आहे, त्याने व्हिडिओत पाहिली होती. लावला, आणि गिटार पोकळ झाली. रिबन त्याने ५७पेक्षा १० सेंटिमीटर मागे ठेवला होता. एकच आवाज दोन माइकांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचला की काही ठिकाणी एकमेकांना मारतो, काही ठिकाणी उचलतो. १० सेंटिमीटर फरकाला पहिली मार १७०० हर्ट्झच्या आसपास, आणि पहिली उचल ३४०० हर्ट्झला. परत तेच, गाणारीच्या अंगणात! संगणकातला माइक खोटा असला तरी त्याचा हिशेब खऱ्या खोलीतलाच असतो. दोन्ही माइक एका अंतरावर आणले, मग एकाचं ध्रुवत्व उलटं करून पाहिलं. उलटं केल्यावर आवाज जास्तीत जास्त पातळ होत असेल तर सरळ स्थितीत दोघे बरोबर आहेत. बरोबर होते. तरी माझं मत असं की तालाच्या गिटारींना एक माइक पुरे. दुसरा माइक फक्त शेवटच्या सोलोला ठेवला, तिथे जाडी हवी होती आणि तेव्हा गाणारी गप्प असते.

कान आणि पातळी

एक प्रश्न उरतो: घरी त्याला हे सगळं चांगलं का वाटायचं? रात्री अगदी बारीक आवाजात, हेडफोनवर, एकटी गिटार. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलं की आवाज बारीक असताना आपले कान खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकतात. म्हणून बारीक आवाजात टोन बनवणारा माणूस बास वाढवतो, वरचं वाढवतो, मधलं काढतो. तोच टोन मोठ्याने लावला की खाली घुमतो आणि वर टोचतो. इथला उपाय नीरस आहे. टोनचा निर्णय एका ठरावीक, बोलण्याएवढ्या आवाजात घ्यायचा, आणि ड्रम, बास, गायन चालू ठेवून घ्यायचा. दोन टोनची तुलना करताना पातळी सारखी करायची. नाहीतर जो थोडा मोठा तोच चांगला वाटतो, आणि प्रिसेट विकणाऱ्यांना हे आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

मिक्समध्ये गिटारींचा ९० हर्ट्झखालचा भाग कापला. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, बासची ४१ची. त्या खोलीत बास आणि किक ड्रम राहतात, गिटारने तिथे भाडं भरायचं कारण नाही. वर साडेसात हजारांवर हलका उतार. बाकी इक्वलायझर जवळजवळ नाहीच. एकटी लावून ऐकल्यावर गिटार आता त्याला बारीक वाटली आणि तो हिरमुसला. "पूर्वी कसली भारी वाटायची!" म्हणाला. मी गाणं पूर्ण लावलं. पहिल्यांदा बोलली ती गाणारी, गिटारबद्दल नाही, स्वतःबद्दल: "अरे, माझे शब्द कळतायत." बासवाला म्हणाला, "आता गिटार दोन आहेत ते कळतंय." गिटारवाला काहीच म्हणाला नाही, पण पेन ड्राइव्हवर फाइल मागून घेतली.

मंचावर

पुढे नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात हेच गाणं वाजवायचं ठरलं, अ‍ॅम्प न नेता लॅपटॉप आणि इंटरफेस घेऊन. आवाज थेट हॉलच्या साऊंड सिस्टिममध्ये जाणार असेल तर कॅब आणि माइकचे ब्लॉक चालूच हवेत, कारण हॉलचे स्पीकर सगळं सरळ दाखवतात, गिटारच्या स्पीकरसारखं वरचं गिळत नाहीत. पण तिथल्या साऊंडवाल्याने "मंचावर अ‍ॅम्प ठेवलाय, त्याच्या मागच्या रिटर्नमध्ये घाल" असं सांगितलं तर त्या तारेवर कॅब बंद करायचा. तिथे खरा स्पीकर आहे, खोटाही ठेवला तर घणसोलीतला घोटाळा हॉलभर ऐकू येईल. त्याला मी दोन वेगळे आउटपुट करून दिले, एक कॅबसह हॉलसाठी, एक कॅबशिवाय मंचासाठी, आणि दोन्हींना रंगीत चिकटपट्टी लावायला सांगितली.

मंचासाठी आणखी एक बदल लागला. रेकॉर्डिंगच्या वेळी लावलेला नॉइज गेट हॉलमध्ये तारा सोडताना शेपूट कापायचा, म्हणून त्याचा उंबरठा ६ डेसिबल खाली आणला. थोडी घूं येते. ड्रमवाला वाजवायला लागला की ती कुणाला ऐकू येत नाही.

सोलोचा प्रश्न मात्र अजून अर्धवट आहे. त्याला त्यात लांब डिले हवाय, गाणारीला शेवटचं ध्रुवपद त्याच्या शेपटीवर सुरू करायचं नाहीये. त्यासाठी स्पीकर आणि माइक यांचा काही उपयोग नाही, ते चौघांनी बसून ठरवायचंय.